शिफ्टचा तक्ता आणि झोपेचा हिशेब

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात दर तिसऱ्या आठवड्यात कुकर लागायचा नाही. त्या आठवड्यात अण्णांची थर्ड, म्हणजे रात्रपाळी, असायची. सकाळी साडेसातला ते सातपूरच्या कारखान्यातून घरी यायचे, चहाबरोबर दोन पोळ्या खायचे आणि आतल्या खोलीत आडवे व्हायचे. खिडकीच्या काचांना आईने जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवली होती, त्यावर गोधडी टांगायची. भात पातेल्यात शिजायचा, कारण शिट्टी नको. भंगारवाल्याची हाळी गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की आई पदर खोचून बाहेर धावायची आणि त्याला हातानेच पुढे जायची खूण करायची. भिंतीला भिंत लागलेली घरं. शेजारच्या काकांची त्या आठवड्यात सेकंड, म्हणजे दुपारची पाळी, असली की सकाळी दहाला त्यांचा रेडिओ सुरू व्हायचा. तो बंद करा असं कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या आठवड्यात त्यांची थर्ड असायची आणि दंगा आम्हा पोरांचा.

एवढं करूनही दुपारी एक वाजता अण्णा छताकडे बघत पडलेले दिसायचे. "अहो, लागली का झोप?" आई विचारायची. "लागली की, चार तास." चार तास म्हणजे तीन, हे तिला ठाऊक होतं.

एका पावसाळ्यात, थर्डच्या पाचव्या की सहाव्या सकाळी, त्र्यंबक रोडवर अण्णांची स्कूटर दुभाजकावर चढली. समोरून कोणी आलं नव्हतं, खड्डा नव्हता, पाऊसही थांबलेला होता. डोळा लागला होता, एवढंच. खांद्याचं हाड मोडलं. कारखान्यात नोंद झाली ती 'रस्त्यावरचा अपघात, कामाच्या वेळेबाहेर' अशी. नोंद खोटी नव्हतीच. पाळी सात वाजता संपली होती आणि अण्णा सात वीसला पडले.

आता मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे. पुढच्या महिन्याचा शिफ्टचा तक्ता दर २५ तारखेला माझ्याच टेबलावरून निघतो. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. तेव्हा पुढे जी तक्रार आहे, तिच्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही उभा आहे.

तक्रार अशी. सगळ्यांना सगळ्या पाळ्यांतून दर आठवड्याला फिरवायचं, याला आपण न्याय म्हणतो. कोणावर अन्याय नको म्हणून सगळ्यांना सारखं जागवायचं. पण माणसांची शरीरं सारखी नसतात. काही जण पहाटे पाचला टवटवीत असतात आणि रात्री नऊला पेंगतात. काहींचं डोकं सकाळी दहापर्यंत उघडतच नाही आणि रात्री अकराला ते सर्वांत चांगलं चालतं. ज्या कारखान्यात तीन पाळ्या आधीच चालू आहेत, तिथे कोणता माणूस कोणत्या पाळीत बसवायचा हे ठरवताना त्याच्या झोपेचा विचार करायला नवीन मशिन लागत नाही, नवीन शेड लागत नाही. तरी तो होत नाही, कारण झोप ही आपल्याकडे प्रकृतीची बाब मानली जात नाही. ती शिस्तीची बाब मानली जाते.

शाळेत आपण सगळ्यांनी 'लवकर निजे, लवकर उठे, त्यास ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे' घोकलेलं आहे. ते आपलं वाटतं, पण मूळचं इंग्रजी आहे; अठराव्या शतकात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या पंचांगवजा वार्षिकात ते छापून घरोघरी पोचवलं. अस्सल आपला शब्द आहे 'सूर्यवंशी'. उन्हं अंगावर आल्याशिवाय न उठणाऱ्याची खिल्ली उडवणारा. उशिरा उठणारा आळशी, हा निकाल त्या शब्दातच लागलेला असतो. तो आदल्या रात्री किती वाजता झोपला, एकूण किती तास झोपला, हे विचारायची गरज कोणाला वाटत नाही.

गंमत म्हणजे उलट टोकाच्या माणसांचं काय असतं, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कुटुंबावरून कळलं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना संध्याकाळी साडेसात-आठलाच झोप अनावर व्हायची आणि पहाटे चार-साडेचारला टक्क जाग यायची. शोधल्यावर त्यांच्या एका जनुकात बारीकसा बदल सापडला. आपल्याकडे असं कुटुंब असतं तर पंचक्रोशीत त्यांच्या ब्राह्ममुहूर्ताचं कौतुक झालं असतं, आणि त्यात त्यांचं स्वतःचं कर्तृत्व तितकंच असतं जितकं डोळ्यांच्या रंगात असतं.

शरीरात घड्याळ असतं ही कल्पना नवी नाही. १७२९ मध्ये दे मेराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवलं आणि पाहिलं, तर ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाश्यांमध्ये या घड्याळाचं जनुक कुठे असावं ते दाखवलं, आणि ते जनुक कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसात या सगळ्याचा मुख्य काटा मेंदूत असतो, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, साधारण वीस हजार पेशींच्या एका जोडगुच्छात. रोजच्या उजेडाने तो जुळवला जातो. उजेड न मिळाला तर तो स्वतःच्या चालीने चालतो, आणि बहुतेक माणसांत ती चाल २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मोठी असते.

ही दहा-बारा मिनिटं माझ्या कामाची आहेत. घड्याळ थोडं मागे रेंगाळणारं असेल, तर झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. म्हणून पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा फिरवाव्यात, उलट्या नाहीत. चार्ल्स चाइझलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे युटातल्याच एका खनिज कारखान्यात करून पाहिलं आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथल्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या फिरत होत्या. त्या सुलट्या केल्या आणि एक पाळी तीन आठवडे कायम ठेवली. कामगारांच्या तक्रारी कमी झाल्या, काम सोडून जाणारे कमी झाले आणि उत्पादन वाढलं. म्हणजे हा शोध चाळीस वर्षांहून जुना आहे. अण्णा थर्डला जात होते तेव्हाही तो छापलेलाच होता.

अण्णांची पाळी मात्र उलटी फिरायची: रात्र, मग दुपार, मग सकाळ. अंबडमध्ये मी आलो तेव्हा आमच्याकडेही तसंच होतं. मी ते बदलायला निघालो आणि पहिला विरोध मॅनेजमेंटकडून आला नाही, कामगारांकडून आला.

त्यांचा हिशेब बघा. उलट्या फेऱ्यात फर्स्ट संपवून थर्डला जायचं असतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी साडेतीनला गडी सुटला की सुट्टीचा दिवस मधे, आणि मग त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला हजेरी. साडेछप्पन तास मोकळे. गावी जाऊन येता येतं, लग्न उरकतं, द्राक्षांची छाटणी होते. सुलट्या फेऱ्यात हा घबाडयोग नाही. तिथे दोन वेळा अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तास मिळतात आणि थर्डवरून फर्स्टला येताना फक्त चोवीस. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला सुटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा कार्ड पंच करायचं. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ही पूर्ण सुट्टी धरली जात आली आहे, कारण पाळी मध्यरात्र ओलांडून जाणारी असेल तर सुट्टीचे चोवीस तास ती पाळी संपल्यापासून मोजायचे असं तिथे लिहिलेलं आहे. त्या चोवीस तासांतला अर्धा दिवस गडी झोपेत घालवतो आणि उरलेल्या वेळात झोपेतून उठल्यासारखा वावरतो. कागदावर सुट्टी मात्र झालेली असते.

तेव्हा कामगार उलटा फेरा मागतात तो अडाणीपणाने नाही. साडेछप्पन तास डोळ्यांना दिसतात, रोजची हुकलेली झोप दिसत नाही. मला अजूनही वाटतं की सुलटा फेरा बरा, पण थर्डनंतर एक दिवस जास्तीचा दिला तरच. तो दिवस द्यायला मॅनेजमेंटची तयारी नव्हती. शेवटी आम्ही एवढंच केलं की आठवड्याऐवजी पंधरवड्याने फिरवायचं. अर्धवट सुधारणा कशी दिसते, याचा मी हा नमुना समजतो.

आणि फिरवायचंच कशाला, हा खरा प्रश्न. जर्मनीतल्या थिसेनक्रुप या पोलाद कंपनीत एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आधी कामगारांना विचारलं, तुम्ही सुट्टीच्या दिवशी किती वाजता झोपता आणि गजर नसताना किती वाजता उठता. त्यावरून त्यांचे गट पाडले. लवकर उठणाऱ्यांच्या रात्रपाळ्या काढून टाकल्या, उशिरा उठणाऱ्यांच्या सकाळच्या पाळ्या काढून टाकल्या. झोप वाढली, आणि कामाच्या दिवसातली झोपेची वेळ व सुट्टीतली झोपेची वेळ यांच्यातली तफावत कमी झाली. या तफावतीला टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सामाजिक जेटलॅग' असं नाव दिलं होतं. लांबच्या विमानप्रवासाने झोपेचं घड्याळ बिघडतं तो जेटलॅग; हा विमानात न बसता आलेला. मला त्या प्रयोगात आवडली ती प्रश्नावली. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता कधी उठता, एवढ्या एका प्रश्नावर निम्मं काम होतं. रक्त तपासायला नको, मशिन नको.

आमच्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर मिळवणंही सोपं नाही. सुट्टीच्या दिवशी लोक झोपतातच कुठे?

मी एका महिन्यात आमच्या मशिन शॉपमध्ये फिरून, चहाच्या वेळी, एकेकाला विचारलं: कायमची एक पाळी मिळाली तर कोणती घ्याल? उत्तरं ऐकून माझा अर्धा लेख तिथेच विस्कटला. कोणी आपल्या झोपेबद्दल बोललंच नाही. एक जण म्हणाला फर्स्ट, कारण बायको सिव्हिलला नर्स आहे आणि तिची रात्रपाळी असते तेव्हा पोरांना कोण बघणार. दुसरा म्हणाला थर्ड, कारण रात्रीचा भत्ता मिळतो आणि कर्जाचा हप्ता त्यावर आहे. सेकंड कोणालाच नको. "साहेब, सेकंडवाल्याची पोरं आडवीच वाढतात," हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. बापाला ती झोपलेलीच दिसतात. रात्री साडेबाराला घरी यावं तर झोपलेली, सकाळी ती शाळेला जातात तेव्हा बाप झोपलेला.

निफाडकडचा एक जण तर म्हणाला, "भाऊ, कायमचं काही नको. लाईटचं वेळापत्रक बघून सांगतो." त्याच्याकडे दीड एकर कांदा आणि थोडे द्राक्ष आहेत. शेतीपंपाला थ्री फेज वीज आपल्याकडे चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात त्याला पाणी भरायला रात्री शिवारात जावं लागतं, हातात बॅटरी आणि काठी, बरोबर कोणी तरी असलेलं बरं, कारण निफाड-सिन्नर-दिंडोरी पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात निफाडचा पारा एक आकडी होतो, त्या थंडीत पाण्यात उभं राहायचं. आणि सकाळी सातला अंबडला फर्स्ट. या माणसाच्या शरीराचं घड्याळ मी काय जुळवणार? ते महावितरणच्या फीडरने कधीच मोडून ठेवलं आहे. २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली ती शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. तिच्याबद्दल अनुदान, जमिनीचं भाडं, मेगावॅट यांवरच चर्चा होते. माझ्या मते नाशिक जिल्ह्यात झोपेसाठी सरकारने केलेलं ते सर्वांत मोठं काम ठरू शकतं, आणि तसं ते कोणी मोजत नाही.

मग पाळी निवडायला देणं फोल आहे का? नाही. पण निवड आणि शरीर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या महिन्यात कळलं. माणूस निवडतो ते बसची वेळ, बायकोची ड्युटी, भत्ता आणि कांदा बघून. या गाठी सैल केल्याशिवाय 'तुम्हाला काय हवं ते घ्या' म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला डाएट विचारण्यासारखं आहे. रात्रीचा भत्ता थर्डला जाण्याची लाच म्हणून द्यायचा की थर्डमुळे होणाऱ्या झिजेची भरपाई म्हणून, यावर युनियनमध्ये कधी तरी बोलायला हवं. लाच म्हणून दिला तर ज्याला पैशाची निकड जास्त तोच रात्री जागणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. हप्ता फेडण्याचा हा मार्ग महाग आहे.

त्या सगळ्या उत्तरांत एकाचं मात्र सरळ होतं. आयटीआय करून आलेला विशीतला अ‍ॅप्रेंटिस. तो म्हणाला, "सर, मला सेकंड द्या कायमची. सकाळी माझं डोकंच चालत नाही. मेजरमेंट चुकतं." शेजारी उभे असलेले सुपरवायझर हसले. "लग्न झालं की चालेल." सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येताना वाईट वाटलं, कारण पोरगा अगदी खरं बोलत होता. वयात येताना माणसाचं घड्याळ पुढे सरकत जातं आणि साधारण विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचं असतं. त्यानंतर ते पुन्हा हळूहळू अलीकडे येतं. पन्नाशीतला सुपरवायझर पहाटे साडेचारला आपोआप उठतो आणि वीस वर्षांच्या पोराला आळशी म्हणतो. दोघंही आपापल्या वयाप्रमाणे वागत असतात, फक्त तक्ता पन्नाशीवाल्याच्या हातात असतो.

हीच गोष्ट शाळांच्या बाबतीत उलटी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं झालं, लहान पोरं अर्धवट झोपेत रिक्षात कोंबली जात होती. पण लहान मुलांचं शरीर त्यातल्या त्यात सकाळचं असतं. ज्यांना सकाळ खरोखर जड जाते ती दहावी ते बारावीची मुलं, आणि ती तशीच राहिली. कॉलेज रोडला डिसेंबरात सकाळी साडेसहाला उभं राहा. क्लासला निघालेली मुलं स्वेटर-कानटोपीत, गाडीवर मागे बसलेला मित्र पुढच्याच्या पाठीवर डोकं टेकवून झोपलेला. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करायला कायद्याने मनाई आहे. आपण सवलत दिली ती नेमकी चुकीच्या टोकाला, कारण चौथीच्या पोराच्या रडण्याने आईबाप हलतात आणि अकरावीच्या पोराच्या जांभईने चिडतात.

डिसेंबरचा उल्लेख मी मुद्दाम केला. नाशिकच्या सकाळीत एक जादाची अडचण आहे, ती घड्याळातच लपलेली. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची आहे. नाशिक त्रेऐंशी सोडा, चौऱ्याहत्तर अंशांच्याही अलीकडे आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या जवळपास पस्तीस मिनिटं मागे असतो. भिंतीवर सात वाजतात तेव्हा नाशिकच्या आकाशात साडेसहाही वाजलेले नसतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य उगवतो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला, म्हणजे फर्स्टचा भोंगा झाल्यावर. पवननगर-उत्तमनगरातून सव्वासहाला निघणारा कामगार अंधारात निघतो, सूर्य उगवायच्या आत कार्ड पंच करतो आणि पत्र्याच्या शेडखाली जातो. मेंदूतला काटा ज्या सकाळच्या उजेडाने जुळायचा तो उजेड त्याच्या वाट्याला येतच नाही.

याबद्दल पूर्वी लोक भांडलेले आहेत. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईत गिरण्यांची घड्याळं ३९ मिनिटं पुढे केली गेली, आणि कामगारांनी जोरदार विरोध केला. त्यांना खगोलशास्त्र शिकवायची गरज नव्हती. रोजच्यापेक्षा जास्त अंधारात उठावं लागतंय हे त्यांना अंगावर कळलं. मुंबई महापालिकेने जुनी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. त्याही आधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला बंद व्हावं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली आणि ती आपण लक्षात ठेवली. सूर्यास्ताची मागणी विजेच्या दिव्यांनी गिळली.

मी कारखाने सूर्यास्ताला बंद करा म्हणत नाही. भट्टी विझवता येत नाही, दवाखाना मिटवता येत नाही. पण डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने फर्स्ट साडेसातला सुरू करायला काय हरकत आहे? तिन्ही पाळ्या अर्ध्या तासाने सरकतील, इतकंच. हे मी मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा उत्तर आलं की ग्राहकाची गाडी साडेतीनला लागते. गाडी चारला लावता येते का, हे त्या ग्राहकाला विचारायचं ठरलं. ते अजून ठरलेलंच आहे.

खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. ओझरला विमानं बनतात तसाच एक विमानांचा कारखाना म्युनिकजवळ ओटोब्रुनला होता. तिथे १९६७ मध्ये कर्मचाऱ्यांना येण्या-जाण्याची वेळ एका मर्यादेत स्वतः ठरवायची मुभा दिली गेली, आणि कारण झोप नव्हतं, गेटवरची वाहनांची कोंडी होतं. पाथर्डी फाट्यावर सकाळी पावणेनऊला अडकलेल्या कोणालाही हे कारण पुरेसं वाटेल. आपल्या राज्य सरकारनेही २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा आणला, पण पावणेदहा ते सव्वासहा ही वेळ बहुतेक सगळ्यांना एकच ठेवली. तिथे सवलत द्यायला बोल्ट फिरवायचा नाही, फक्त हजेरीच्या यंत्रातली एक सेटिंग बदलायची आहे. ज्यांना सवलत देणं सोपं त्यांना ती मिळेलच आज ना उद्या. माझी काळजी लाइनवर उभं राहणाऱ्यांची आहे.

कारण वारं उलट्या दिशेने वाहतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच, ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती, असं त्यात आहे. कागदावर ठीक. पण रात्रीच्या पाळीत नववा आणि बारावा तास सारखे नसतात. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, तेव्हा प्रेसखाली हात घालणाऱ्याला संमती दिली होती का, हे विचारून काय उपयोग? आणि संमतीचा अर्थ कंत्राटी कामगाराला विचारा. त्याला 'नाही' म्हणण्याचा अर्थ उद्यापासून येऊ नको असा होतो.

इथेच माझ्या स्वतःच्या मांडणीतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो मला युनियनच्या एका जुन्या पदाधिकाऱ्याने दाखवला. तो म्हणाला, "कायमच्या पाळ्या दिल्या की काय होणार ते मी सांगतो. पर्मनंट माणूस फर्स्ट घेणार, साहेबाच्या गावचा फर्स्ट घेणार, आणि कंत्राटी पोरं जन्मभर थर्ड. फिरती पाळी वाईट आहे, पण तिच्यात वशिला चालत नाही." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. फेरा मोडायचा असेल तर तक्ता एकट्या प्लॅनिंगच्या हातात राहता कामा नये. कोणी काय मागितलं आणि कोणाला काय मिळालं हे नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे. आणि ज्या पाळीला स्वतःहून कोणी येत नाही, तिथे कंत्राटी पोरं न ढकलता तेवढीच पाळी सर्वांमध्ये फिरवली पाहिजे. मी पाहिलेल्या वेतनकरारांत कॅन्टीनच्या थाळीपासून रेनकोटपर्यंत सगळं असतं. पाळी कोणत्या दिशेने, किती दिवसांनी फिरेल यावर एक ओळ नसते. पुढच्या करारात ती ओळ यावी म्हणून मी दोन्ही बाजूंना टिपण दिलं आहे. व्यवस्थापन म्हणालं बघू, युनियन म्हणाली आधी पगारवाढ.

तोवर माझ्या हातात आहे तेवढं केलं. त्या अ‍ॅप्रेंटिसला तीन महिने सेकंड दिली, कारण सेकंड सोडायला माणसं रांगेत उभीच होती. त्याच्या नावावरची रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारे भाग, कमी झाली. एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, हे सुपरवायझर मला आठवड्यातून एकदा सांगतात आणि ते बरोबर आहे. दुसरे दोघं आता आपणहून मागायला आले आहेत. निफाडवाल्याला लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात सेकंड देतो. सकाळी नऊ-दहापर्यंत तरी त्याला पडता येतं.

यासाठी बसचं गणित बदलावं लागलं. सेकंडला माणसं वाढली, म्हणून रात्री बाराला सिडको-पाथर्डी मार्गावर मोठी गाडी हवी होती. ठेकेदाराने लगेच हो म्हटलं. परवा गेटवर त्या गाडीच्या ड्रायव्हरशी बोलणं झालं. रात्री बाराची सेकंड सोडून गाडी लावेपर्यंत त्याला दीड होतो. आणि सकाळची फर्स्ट उचलायला पहिला थांबा साडेपाचला, तोही त्याचाच. मी विचारलं, मधे झोपता कधी? तो म्हणाला, "गाडीतच, मागच्या सीटवर. घरी जाऊन काय करू?" चाळीस माणसं घेऊन तो त्र्यंबक रोडने येतो. तो ठेकेदाराचा माणूस आहे, माझ्या तक्त्यात त्याचं नाव नाही.